पाचूवरची पांढरी रेघ आणि जाऊबाईंचं मशीन

पत्र:

माझ्याकडे खड्यांचे चार दागिने आहेत. रोज कानात असणारे हिऱ्यांचे टॉप्स, आईने दिलेली पाचूची अंगठी, मोत्यांचा सर आणि चांदीत बसवलेलं फिरोजाचं पेंडंट. टॉप्स निस्तेज दिसतात, मोती पिवळट वाटायला लागलेत, चांदी काळी पडली आहे. एक व्हिडिओ पाहून मी पाचूची अंगठी उकळत्या पाण्यात बेकिंग सोडा घालून बुडवली. अंगठी लखलखीत निघाली, पण खड्यात एक पांढरट रेघ दिसू लागली, जी आधी नव्हती. खडा तडकला का? आईला अजून सांगायचं धाडस झालेलं नाही. माझी ताई म्हणते, टूथपेस्टसारखं दुसरं काही नाही. जाऊबाईंनी अल्ट्रासॉनिक मशीन घेतलंय. त्यांची माणकाची अंगठी त्यात नेहमी धुतात आणि काही होत नाही. त्या म्हणतात, चारही दागिने एकदम टाक. टाकू का?

उत्तर:

मशीनचं आधी सांगतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान वाढेल. टाकू नका. चारांपैकी तीन दागिने त्या मशीनमध्ये कधीच जाता कामा नयेत, आणि चौथ्याला त्याची गरज नाही.

आता पाचू. खडा हातात न घेता छातीठोकपणे काही सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलेलं लक्षण अगदी ओळखीचं आहे. बहुतेक खडा त्या दिवशी तडकलेला नाही. चीर आधीपासून होती. ती झाकलेली होती, आता उघडी पडली.

पाचू जमिनीत घडतानाच चिरा घेऊन येतो. भिंगाखाली धरलात तर आत बारीक रेषा, ठिपके, विस्कटलेले पडदे दिसतील. आतून पूर्ण निर्मळ पाचू इतका दुर्मीळ असतो की तसा खडा समोर आला की जाणकार आधी तो प्रयोगशाळेतला तर नाही ना, हे बघतो. म्हणून पैलू पाडून झाल्यावर पाचूत तेल मुरवण्याची पद्धत शतकानुशतकं चालत आली आहे. बहुधा सीडरवुडचं रंगहीन तेल वापरतात, हल्ली काही खड्यांत रेझिनही (राळेसारखा पारदर्शक पदार्थ) भरतात. यात लबाडी नाही. गिऱ्हाइकाला सांगून विकलं की व्यवहार सरळ आहे. लबाडी न सांगण्यात आहे, आणि पुष्कळदा सांगितलं जात नाही.

तेलाने चीर दिसेनाशी का होते, हे कळलं की तुमच्या रेघेचाही उलगडा होतो. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात प्रकाश किती वळतो त्याचं माप. पाचूचा अपवर्तनांक 1.58 च्या आसपास असतो आणि हवेचा 1. चिरेत हवा असली की पाचूतून आलेला प्रकाश तिथे अडतो, उलटा फिरतो आणि चीर पांढरी चमकते. त्या तेलाचा अपवर्तनांक 1.5 च्या थोडा वर, म्हणजे पाचूच्या बराच जवळ. तेल भरलं की प्रकाश फारसा न अडखळता पार जातो आणि डोळ्याला चीर लागत नाही. उकळत्या पाण्यात तेल पातळ होऊन बाहेर आलं असणार. त्याच्या जागी हवा शिरली आणि रेघ उमटली. गरम पाण्यात एक वेगळा धोकाही असतो. खडा एकदम तापला किंवा तापलेला एकदम गार पाण्यात गेला, तर आधीची चीर पुढे सरकू शकते. म्हणून ‘बहुतेक’ म्हणालो.

अंगठी आता बोटातून काढून ठेवा. खड्याच्या कडा उजेडात तिरप्या धरून बघा. कुठे कपचा उडालाय का, एखादी कड नखाला खरखरीत लागते का? लागली, तर गोष्ट गंभीर आहे. नाही लागली, तर जो सराफ पाचूचं काम नेहमी करतो त्याच्याकडे न्या आणि उकळत्या पाण्याचं आणि सोड्याचं न लपवता सांगा. पाचूत पुन्हा तेल भरता येतं. चिरा स्वच्छ करून हवा ओढून घेतात आणि दाबाखाली तेल मुरवतात. नेहमीचं काम आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरी मात्र खोबरेल किंवा दुसरं कुठलं तेल चोळून रेघ घालवायचा प्रयत्न करू नका. रेघ दोन दिवस पुसट होईल, मग ते तेल चिकट होऊन आत धूळ धरेल आणि चिरा साफ करणाऱ्याचं काम दुप्पट होईल.

आणि आईला सांगाच. रागावतील म्हणून नव्हे, त्यांना या खड्याची कुंडली ठाऊक असेल म्हणून. अंगठी कधी घेतली, सोबत प्रमाणपत्र होतं का, याआधी कधी तेल भरून घेतलंय का, हे सराफ पहिल्यांदा विचारेल आणि उत्तर त्यांच्याकडेच आहे.

दुरुस्त होऊन आल्यावर तिची देखभाल अगदी साधी. कोमट पाण्यात ओला करून पिळलेला मऊ कपडा, हवं तर साबणाचा एक थेंब, खड्याची दोन्ही अंगं पुसायची, साध्या ओल्या कपड्याने पुन्हा पुसायची, लगेच कोरडी करायची. भिजत ठेवायची नाही. वाफ नाही, अल्कोहोल नाही. हाताला सॅनिटायझर लावायच्या आधी अंगठी काढायची.

आता जाऊबाईंकडे येऊ. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो त्यांच्या खड्याचा आहे. त्या मशीनमध्ये पाण्यातून सेकंदाला साधारण 40,000 कंपनं जातात. त्याने पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि फुटताना फटीतला मळ उखडतात. मळ उखडणारी ताकद चिरेतलं तेलही उखडते. माणिक मुळात दणकट. कठीणपणाच्या मोह्स मापात हिऱ्याला 10, तर माणिक आणि नीलमला 9. नुसतं तापवून रंग सुधारलेलं माणिक असेल तर मशीन त्याला सहसा काही करत नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत बाजारात शिसं मिसळलेली काच चिरांत भरलेली माणकं भरपूर आली आहेत. वरून पाहिलं तर लालभडक, स्वच्छ. त्यांना मशीन तर चालत नाहीच, लिंबाच्या रसानेही त्यातली काच झिजते आणि खड्यावर पांढुरक्या जाळ्या उमटतात. जाऊबाईंची अंगठी आजवर टिकली याचा अर्थ त्यांचं माणिक बहुधा तसं नाही. दुसरी एखादी अंगठी टाकण्यापूर्वी त्यांनाही हे सांगा.

म्हणून ‘दागिना कशाने धुऊ’ याच्या आधी विचारायचं असतं, ‘हा खडा कोणता आणि त्याच्यावर काय केलेलं आहे’. घरात दागिने मळाने फारसे बिघडत नाहीत. मळ काढण्याच्या उत्साहाने बिघडतात. काय केलेलं आहे ते माहीत नसलं, तर खडा नाजूक आहे असं धरून चालायचं. यात जास्तीत जास्त थोडा मळ राहील.

हिऱ्याचे टॉप्स हे तुमच्यातलं सगळ्यात सोपं काम, आणि सगळ्यात समाधानाचंही. हिऱ्याला पाणी चिकटत नाही, तेलकटपणा मात्र पटकन चिकटतो. खाणींमध्ये याचाच उपयोग करून घेत. दगडाचा चुरा पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या तिरप्या टेबलावरून वाहू द्यायचे, बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. तुमच्या कानातही तेच चाललंय. केसांचं तेल, क्रीम, साबणाचा अंश आणि त्वचेचा तेलकटपणा हिऱ्याच्या मागच्या बाजूवर जमतो. हिरा चमकतो तो वरून आलेला प्रकाश तळाच्या पैलूंवरून परतवून. त्या तळाला तेलाचा थर बसला की बराचसा प्रकाश मागून निसटतो. समोरून कितीही पुसलंत तरी फरक पडत नाही, तो याचमुळे.

फिरकी काढा आणि टॉप उलटा करून उजेडात धरा. खड्याच्या टोकाभोवती, कोंदणाच्या जाळीत करडा, बुळबुळीत थर दिसेल. तोच काढायचा आहे. एका वाटीत कोमट पाणी घ्या, बोट सहज बुडवता येईल इतकंच कोमट. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. टॉप्स आणि फिरक्या 15-20 मिनिटं त्यात राहू द्या, म्हणजे थर आपोआप सैल होतो. मग लहान मुलांचा नवा, मऊ टूथब्रश घ्या. जुना नको, त्यात पेस्टचे कण अडकलेले असतात. ब्रश मागच्या बाजूने, जाळीतून आत, हलक्या हाताने फिरवा. पुढची बाजू दोन हातांत निघते, सगळा वेळ मागच्या बाजूला द्या. कानात जाणारी दांडी आणि फिरकीचं भोकही सोडू नका, कानाला खाज येते ती पुष्कळदा तिथल्या मळाने. दुसऱ्या वाटीत तितकंच कोमट साधं पाणी घेऊन विसळा आणि लव न सुटणाऱ्या कपड्याने टिपा. हे सगळं वाटीतच करायचं, नळाखाली नाही. बेसिनच्या जाळीतून काय काय गेलंय याचे किस्से मी खूप ऐकले आहेत.

ब्रश करण्याच्या आधी एक तपासणी मात्र सक्तीची. टॉप कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. बारीक टकटक ऐकू आली तर खडा सैल आहे. खडा पकडून ठेवणाऱ्या धातूच्या नख्यांवरून लोकरीचा धागा किंवा जुना रेशमी रुमाल हलकेच ओढा. अडकला तर नखी वर उचलली गेली आहे. अशा वेळी धुणं राहू द्या, आधी नखी बसवून घ्या. सैल खड्याला कधीकधी मळानेच धरून ठेवलेलं असतं आणि मळ निघाला की खडाही निघतो. मशीन हेच काम झपाट्याने करतं, म्हणून टॉप्सनाही त्याची गरज नाही असं म्हणालो.

ताईंच्या टूथपेस्टबद्दल. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. हिऱ्याला त्याने काही होत नाही, सोन्याला होतं. सोनं मोह्स मापात जेमतेम 3 च्या आसपास आहे. एकदा घासलंत तर कळणार नाही. वर्षभर घासलंत तर पॉलिश जाऊन सोन्यावर धुरकट ओरखडे दिसतील. शिवाय पेस्ट खड्याच्या मागे जाऊन वाळते आणि पांढरा खडू बनून बसते. कोरडा बेकिंग सोडा चोळण्याचंही तेच. आणि घरातली धूळ कोरड्या कपड्याने रगडून पुसायची सवयही सोडा. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, कठीणपणा 7. फिरोजा, ओपल, पोवळं, मोती हे सगळे त्याहून मऊ. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग ओलसर कपडा.

मोत्यांच्या बाबतीत थोडा धीर लागतो, कारण काही पिवळेपणा जाईल आणि काही जाणार नाही. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिपातळ थरांची रचना, मधे प्रथिनाचा सांधा आणि किंचित पाणी. हे थर शाबूत असतात तोवर झळाळी. आम्लाने ते विरघळतात. लिंबू आणि व्हिनेगरने लगेच, घामाने आणि परफ्यूमने सावकाश. प्रथिनाचा भाग वयाने पिवळावतो, तो रंग परत आणता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने मोती पांढरे करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात वरची कांती जाते आणि ती परत येत नाही.

आधी दोन मोत्यांमधल्या गाठीकडे बघा. गाठ करडी किंवा तपकिरी झाली असेल, तर पिवळटपणा बराचसा दोऱ्याचा आहे आणि सर नव्याने ओवून घेतला की मोतीही उजळ दिसतील. गाठ आणि मोती यांच्यात फट दिसत असेल तर दोरा ताणला गेलाय, तेव्हा ओवणं असंही करायचंच. मग भोकाची कड भिंगातून बघा. तिथे रंगाचा पापुद्रा सुटलेला आणि आत काच दिसली, तर ते मोती लेप दिलेले नकली आहेत. त्यांचा लेप गेला की उपाय नाही.

खऱ्या मोत्यांसाठी मऊ कपडा ओला करून घट्ट पिळायचा, मोती एकेक करून पुसायचे, दोरा शक्य तेवढा कोरडा ठेवायचा. फारच मेणचट असतील तर त्याच कपड्यावर सौम्य साबणाचा थेंब, आणि नंतर साध्या ओल्या कपड्याचा हात. सर टॉवेलवर आडवा पसरून रात्रभर वाळू द्या. ओला सर टांगलात की मोत्यांच्या वजनाने रेशीम लांबतं. यापुढे घालून काढल्यावर लगेच एकदा पुसायचं. पावडर, परफ्यूम, हेअर स्प्रे सगळं उरकल्यावर मोती शेवटी घालायचे आणि घरी आल्यावर पहिल्यांदा काढायचे. पोवळ्यालाही हाच नियम, तेही कॅल्शियम कार्बोनेटच.

फिरोजाच्या पेंडंटमध्ये खरी पंचाईत आहे, कारण चांदीला जे लागतं ते फिरोजाला सोसत नाही. फिरोजा सच्छिद्र. तेल, क्रीम, घाम शोषून निळ्याचा हिरवट होत जातो, आणि बरेच खडे मेण किंवा रेझिन मुरवून टिकाऊ केलेले असतात. चांदी बुडवून उजळ करायचं जे द्रावण मिळतं ते आम्लाचं असतं, त्यात पेंडंट बुडवलं की खड्याचं पॉलिश गेलं. अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा हा उपाय नुसत्या चांदीला छान, खड्यासकट मुळीच नाही. चांदीचं पॉलिश मुरवलेला कपडा मिळतो, तो घ्या आणि फक्त धातूवर, खड्याच्या कडेपासून केसभर अलीकडे थांबत चोळा. कोंदणाच्या खोबणीत काळं राहील. राहू द्या, नक्षी त्यानेच उठून दिसते. खड्यावर फक्त किंचित ओलसर कपडा, साबणही नको. पेंडंट मागून बंद असेल तर जास्तच जपा. बंद कोंदणात पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नसते. काही जुन्या दागिन्यांत खड्याखाली चमकदार वर्ख घातलेला असतो, तो एका भिजवणुकीत काळा पडतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात असेल तर: ओपलमध्ये मुळात पाणी असतं, तो तापवू नका आणि दिव्याखाली ठेवू नका. अंबरला अल्कोहोल लागलं की वर धूसर होतो. लाजवर्द आम्लाने मरतो. जांभळा अॅमेथिस्ट खिडकीत उन्हात राहिला तर फिकट होत जातो.

दागिने एकाच डबीत एकमेकांवर टाकू नका. हिरा बाकी सगळ्यांना ओरखडतो, अगदी दुसऱ्या हिऱ्यालाही. प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी. चांदी हवाबंद झिप पिशवीत बरी राहते, मोती राहत नाहीत. त्यांना कोरड्या, कोंडलेल्या हवेत ठेवलं की वरचा थर तडकण्याचा धोका असतो, म्हणून कापडी पिशवी. रबरबँडने चांदी बांधू नका. रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. पोहायला जाताना आणि ब्लीच हाताळताना सगळंच काढून ठेवा. क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंवर हल्ला करतं आणि कालांतराने नख्या ठिसूळ होतात.

किती वेळा धुवायचं? रोज घातलेले टॉप्स महिन्यातून एकदा, वर सांगितलं तसे. पाचू आणि फिरोजा मळलेले दिसले तरच. मोती प्रत्येक वेळी काढताना. आणि वर्षातून एकदा सराफाकडे नख्या तपासून घ्या. त्यांनी दागिना मशीनमध्ये टाकायला उचलला, तर पाचूची अंगठी हातातून सोडण्याआधी त्यात तेल भरलेलं आहे हे आठवणीने सांगा. अशा वेळी गिऱ्हाईक गप्प राहतं आणि घरात जे टाळलं ते दुकानात घडतं.